चाल सुचते कुठून?

ॲपवर बुद्धिबळाचे रोजचे कोडे उघडले की समोर पट येतो आणि सूचना एवढीच असते: पांढऱ्याची चाल. सरावलेल्या खेळाडूला क्षणात दिसते की घोड्याने शह दिला तर वजीरही त्याच्या माऱ्यात येतो. नवख्याला तिथे मोहऱ्यांची नुसती गर्दी दिसते. या फरकाचे श्रेय आपण सहज हुशारीला देतो, पण मानसशास्त्रज्ञांच्या हाती आले ते वेगळेच.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रूट यांनी १९४०च्या सुमारास खेळाडूंना मनातले विचार मोठ्याने बोलायला लावले. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार पुढचे मोजत नव्हते. चांगली चाल त्यांना मुळात लवकर सुचत होती. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. पंचवीसएक मोहऱ्यांपैकी मास्टरने, म्हणजे वरच्या दर्जाच्या खेळाडूने, पहिल्या खेपेला सोळाच्या आसपास बरोबर मांडले, नवख्याने चारच. मग मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले, आणि मास्टरची आघाडी जवळपास संपली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती एरवी चारचौघांसारखीच होती. कॅसलिंग (राजा दोन घरे हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवण्याची चाल) केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा हत्ती हे पाच मोहरे त्याला एकच ओळखीचा गट म्हणून दिसत होते. असे हजारो गट त्याच्या स्मृतीत साठलेले असतात.

कोडी हाच साठा वाढवतात. लिचेससारख्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ती खऱ्या डावांतूनच निवडलेली असतात आणि प्रत्येक कोड्यालाही खेळाडूसारखे रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा, असते. सोडवले की तुमचे रेटिंग चढते, कोड्याचे उतरते. त्यामुळे पुढचे कोडे साधारण तुमच्या ताकदीचे येते. रोज थोडे करण्यालाही आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की एका बैठकीत उरकलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांवर विभागलेले पाठांतर जास्त टिकते.

मात्र अंदाजाने मोहरा सरकवून ‘चूक’ दिसताच दुसरी चाल करून पाहणे, याला मी सराव म्हणणार नाही. स्वतः आठवून काढलेले उत्तर आयत्या उत्तरापेक्षा पक्के बसते. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरासह सगळी मालिका मनात पूर्ण झाल्यावरच पटाला हात लावावा. चुकलेले कोडे काही दिवसांनी पुन्हा सोडवावे. माझ्या मते नव्या दहा कोड्यांपेक्षा ते मोलाचे.

आणखी एक गोष्ट कोडे आपल्याला फुकट देते: इथे काहीतरी दडले आहे, ही खबर. प्रत्यक्ष डावात ती कोणी देत नाही. बहुतेक वेळा साधी, शांत चालच योग्य असते, आणि कधी थांबून खोल पाहायचे हे स्वतःच ओळखावे लागते. त्यासाठी पूर्ण डाव खेळावेत, सावकाश वेळेचे, आणि प्रत्येक चालीआधी समोरचा कोणता शह देऊ शकतो, काय मारू शकतो, एवढे तरी तपासावे.