कोगेई की मिंगेई? जपानची दोन हस्तकला-संग्रहालयं

जपानमधल्या हस्तकला बघायला निघालं की हमखास दोन नावं कानावर येतात: कानाझावाचं राष्ट्रीय कोगेई संग्रहालय आणि टोकियोतल्या कोमाबाचं निहोन मिंगेईकान. दोन्हीकडे मातीची भांडी, कापड, लाकूडकाम. त्यामुळे एक पाहिलं की दुसरं सोडलं तरी चालेल, असं वाटतं. तसं करू नका.

कोगेई म्हणजे एकूणच हस्तकला. मिंगेई हा मात्र १९२५ साली घडवलेला शब्द, त्यातला 'मिन' म्हणजे सामान्य लोक. विचारवंत यानागी सोएत्सु आणि त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी व कावाई कांजिरो यांना रोजच्या वापरातल्या, निनावी हातांनी घडवलेल्या वस्तूंना मान मिळवून द्यायचा होता. १९३६ साली यानागींनी कोमाबात मिंगेईकान उघडलं.

तिथे दारातच चपला काढायच्या, कुणाच्या घरी गेल्यासारख्या. संग्रह सुमारे १७,००० वस्तूंचा, पण पाट्यांवरचा मजकूर अगदी मोजका: काळ्या पाटीवर शेंदरी अक्षरांत वस्तूचा प्रकार, प्रांत, काळ. आधी डोळे भरून बघा, माहिती नंतर, हा यानागींचा आग्रह होता. मला तो मनापासून पटतो. ओन्ता गावची भांडी घ्या. चाक फिरत असताना अर्धवट सुकलेल्या मातीवर लवचीक पातं टेकवतात. ते थरथरत उड्या मारतं आणि वरचा पांढरा थर जिथे खरवडला जातो, तिथे बारीक खाचांची रांगच्या रांग उमटते. हे बघताना कुंभाराचं नाव विचारावंसंही वाटत नाही.

कानाझावात याच्या उलट. तिथे कलावंताचं नाव आधी. हे संग्रहालय १९७७ पासून टोकियोतच होतं. ते ऑक्टोबर २०२० मध्ये कानाझावात, मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) दोन लाकडी इमारतींत आलं. जुनं प्रवासपुस्तक वाचून जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. सुझुकी चोकिचींनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी घडवलेले बारा ससाणे याच संग्रहात आहेत. उरुशीकामातले थोर कलावंत मात्सुदा गोन्रोकु यांची कामाची खोलीही इथे पुन्हा उभारली आहे.

उरुशीला आपण सहज 'लाखकाम' म्हणून मोकळे होतो. पण सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक. तो नुसता वाळत नाही, दमट हवेत कडक होतो. म्हणून भांडी ओलसर कपाटात ठेवावी लागतात. माकि-ए कामात तो ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात.

एकच संग्रहालय जमणार असेल, तर मी कोमाबा निवडेन. दोन्ही जमली, तर दोन्हीकडे हामादांची भांडी शोधा. ओगराळ्याने झिलई ओतून ते काही क्षणांत नक्षी उमटवत. एवढ्या झटपट कामाबद्दल कुणी विचारलं, तर पंधरा सेकंद आणि साठ वर्षं लागली, असं ते म्हणाल्याचं सांगतात. १९५५ साली सरकारने त्यांना, मात्सुदांबरोबरच, ज्यांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात त्या पहिल्या मानकऱ्यांत घेतलं. कावाईंनी मात्र हा मान नाकारला. हामादांनी तो घेतला, तरी भांड्यावर सही करायची नाही हा नेम सोडला नाही. त्यांचं नाव असे ते भांडं ठेवायच्या लाकडी पेटीवर.