फिट आल्यावर कांदा नको, चप्पल नको, चमचा तर नकोच

एसटी स्टँडवर कुणाला फिट आली की पहिली आरोळी ठरलेली: "कांदा आणा, चप्पल हुंगवा!" त्यानंतर माणूस खरंच शुद्धीवर येतो, म्हणून ही समजूत टिकली. पण तो वासाने येत नाही. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक उसळलेला विजेचा कल्लोळ. बहुतेक झटके १ ते ३ मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा सापडेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडावर चप्पल धरणं हा त्याचा अपमानच आहे.

चमच्याने मात्र थेट इजा होते. जीभ गिळली जाईल या भीतीने लोक तो तोंडात घालतात, पण जीभ गिळली जात नाही. ती जबड्याच्या तळाशी घट्ट जोडलेली असते. चावली गेली तरी जखम सहसा भरून येते. पण दातखीळ उघडायला चमचा खुपसला तर दात तुटून श्वासनलिकेत अडकू शकतो.

घड्याळ बघा. टोकदार सामान सरकवा, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवा, कॉलर सैल करा. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-फेस बाहेर वाहून जाईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका.

झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला, लागोपाठ दुसरा आला, पहिल्यांदाच आला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. गर्दी मागे सारून त्याच्याजवळ बसून राहा.