श्वासाचा माग

भाद्रपदात साताऱ्याहून कासच्या पठारावर फुले पाहायला निघालेला माणूस छत्री, पाण्याची बाटली आणि कॅमेरा विसरत नाही. चावणाऱ्या किड्यांची आठवण मात्र त्याला पहिला चावा बसल्यावरच होते.

डासांमध्ये रक्त पिते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. तिला आपला पहिला सुगावा लागतो तो उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा, आणि तोही दहा मीटरांहून अधिक अंतरावरून. त्या मागावर येताना तिची नजर गडद आकृती शोधते आणि अगदी जवळ आल्यावर त्वचेची ऊब, दमटपणा व घामातील लॅक्टिक आम्ल तिला नेमकी जागा दाखवतात. त्यामुळे चढावर धापा टाकणारा, घामाघूम झालेला आणि काळा टी-शर्ट घातलेला पर्यटक तिला लवकर सापडतो. फिकट रंगाचे, सैल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हा म्हणूनच निम्मा बचाव आहे.

उघड्या त्वचेसाठी मलम लावावे. अमेरिकी लष्करासाठी १९४६ साली विकसित झालेले ‘डीट’ किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील ‘डेपा’ ही रसायने डासाला मारत नाहीत, तर जवळ येण्यापासून परावृत्त करतात. डीटचे प्रमाण वाढवले की प्रामुख्याने संरक्षणाचा काळ वाढतो. मात्र त्याने घड्याळाचे व चष्म्याचे प्लॅस्टिक खराब होऊ शकते. उन्हाचे मलम आधी आणि हे नंतर लावावे. गवती चहाची पाने अंगाला चोळण्याचा उपाय सुवासिक खरा, पण त्यातील तेल भराभर उडून जाते.

गोचिडीची गोष्ट वेगळी. ती कीटक नसून कोळ्याची नातलग आहे आणि उडत नाही. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून ती वाट पाहते. यासाठी पँट मोज्यात खोचावी आणि घरी आल्यावर काखा, जांघा व कानांमागे तपासावे. चिकटलेली गोचीड रॉकेल ओतून किंवा काडीने चटका देऊन काढू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी.

गवतातील माइट या सूक्ष्म जिवांच्या अळ्या चावल्यामुळे स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. चाव्याच्या जागी कधी कधी काळी खपली धरते, पण ती दुखत नसल्याने लक्षात येत नाही. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण गवतात फिरलो होतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर सुरू झाले, तर हा आजार सहसा लवकर आटोक्यात येतो.