पॅरलल बिल्ड आणि फेल्युअर (ग्नू मेक)

ऑटोमॅटिक बिल्डमध्ये, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम आपोआप बनवताना, एकमेकांवर अवलंबून नसलेली कामं एकाच वेळी चालवायची आणि त्यातलं एखादं फेल झालं तर बाकीच्यांचं काय करायचं ते ठरवायचं, असा हा प्रकार. मेक म्हणजे मेकफाइल नावाच्या फाइलमधले नियम वाचून अशी कामं चालवणारा प्रोग्राम; नोंद मुख्यतः त्याच्या ग्नू प्रोजेक्टमधल्या अवतारापुरती, म्हणजे ग्नू मेकपुरती आहे. मूळ मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं.

पॅरलल मेक पहिलं कुणाचं हे नक्की ठरवणं अवघड. अमीबा या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमसंदर्भातला एरिक बालबर्गन यांचा पेपर १९८८चा, बर्कलीतल्या स्प्राइट प्रोजेक्टमधलं अ‍ॅडम द बूर यांचं पीमेक साधारण त्याच सुमाराचं, आणि सिक्वेंटच्या मल्टिप्रोसेसर मशीनवरच्या मेकमध्येही समांतर चालवायची सोय होती. एकाला श्रेय देण्यापेक्षा, एकाहून जास्त प्रोसेसर हाताशी आले तशी गरज ठिकठिकाणी उभी राहिली असं मानणं जास्त पटतं. आजचं बीएसडी मेक मात्र पीमेकच्याच वंशातलं.

ग्नू मेकमध्ये खरी अडचण मेकच्या आत मेक चालवताना (एका मेकने दुसरं मेक सुरू करताना) यायची, कारण प्रत्येकाने स्वतःचे आठ जॉब (एका वेळी चालणारी कामं) सुरू केले तर मशीन बसलंच. त्यावर १९९९ च्या ३.७८ व्हर्जनमध्ये जॉबसर्व्हर, म्हणजे सगळ्या मेकचे मिळून किती जॉब चालावेत ते सांभाळायची सोय, आली. ‘जे ८’ (एका वेळी आठ जॉब चालव, हा ऑप्शन) दिलं की वरचं मेक एक पाइप (प्रोग्रामांना आपसात डेटा द्यायचा मार्ग) उघडून त्यात सात बाइट टाकतं, प्रत्येक मेकला एक जॉब हक्काचा असतो, त्याहून जास्त हवा असेल तर पाइपमधून एक बाइट उचलायचा आणि काम संपलं की परत टाकायचा, बस. ना डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम), ना नेटवर्क, आणि म्हणूनच ही रचना मला फार सुंदर वाटते. पण आतलं मेक मध्येच मारलं गेलं तर त्याच्या हातातला टोकन, म्हणजे उचललेला बाइट, हरवतो आणि तेवढा वेग कमी होतो. २०२२ च्या ४.४ पासून साध्या पाइपऐवजी नाव असलेला पाइप वापरतात.

एक जॉब फेल झाला की मेक नवीन काम सुरू करत नाही, चालू असलेल्यांची वाट बघतं, त्यामुळे खरी एरर वर कुठेतरी राहते आणि खाली भलतंच दिसतं. तीन चांदण्या (***) असलेली पहिली ओळ शोधायची. आउटपुट जॉबवार एकत्र दाखवायची सोय ४.० मध्ये, २०१३ साली आली. ‘के’ हा ऑप्शन दिला तर फेल झालेल्यावर अवलंबून नसलेलं सगळं पुढे चालतं, शेवटी बिल्ड फेलच धरलं जातं. ‘आय’ मात्र एरर सोडूनच देतं, ते सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या बिल्ड आणि चाचणीत) वापरू नये.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल. कमांड मध्येच फेल झाली पण फाइल तयार झाली, तर तिची वेळ नवी असल्यामुळे पुढच्या वेळी मेक तिला झालेलीच समजतं. ‘डिलीट ऑन एरर’ हे खास टार्गेट (नियमाचं नाव) मेकफाइलमध्ये लिहिलं की अशी फाइल पुसली जाते, पण ते डीफॉल्ट नाही, आपणच लिहावं लागतं.

‘जे १’ ला चालतं आणि ‘जे ८’ ला फुटतं, याचा दोष बहुतेक वेळा समांतरतेचा नसतो. उदाहरणार्थ, बायसनने (पार्सरचा कोड बनवणाऱ्या प्रोग्रामने) बनवलेला हेडर (इतर फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) मेन फाइल वापरते पण तसं मेकफाइलमध्ये लिहिलेलंच नाही, एकेरी क्रमात तो योगायोगाने आधी बनत होता एवढंच. ४.४ मधल्या शफल या ऑप्शनने क्रम मुद्दाम बदलून असल्या चुका पकडता येतात.