कळसूबाई की साल्हेर: सर्वात उंच कोण आणि आधी कुठं जायचं?

पहिला पाऊस झाला की आमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, "यंदा महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला करायचा. कळसूबाई!" बेत झकास आहे, फक्त कळसूबाई हा किल्ला नाही. तिथं ना तट, ना बुरूज, ना दरवाजा. ते शिखर आहे, १६४६ मीटरचं, राज्यातलं सर्वात उंच, आणि माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ. सर्वात उंच किल्ला म्हणायचं तर तो साल्हेर, १५६७ मीटर. शिखर म्हणूनही त्याचा नंबर दुसरा. दोघांतला फरक ७९ मीटर, म्हणजे पंचविसेक मजल्यांची एक इमारत.

पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याला मात्र या ७९ मीटरनं काहीही फरक पडत नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची पाटीवर लिहायला बरी. आपल्या पायांना कळते ती पायथ्याच्या गावापासूनची चढाई, आणि वाटेत आधाराला काय आहे ते.

कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, इगतपुरीच्या हद्दीला टेकून. रेल्वेनं कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटीमार्गे भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा आणि बारी गावात उतरायचं. गावातून माथा साधारण नऊशे मीटर वर आहे. नवख्याला चढायला तीन-चार तास धरा. वाट चुकायची सोय नाही. शनिवार-रविवारी तर पुढच्याची पाठ बघत चाललं तरी माथ्यावर पोचाल. वाटेत लिंबू सरबत मिळतं, भजी मिळतात, उतरल्यावर गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत आणि सगळी धास्ती त्या शिड्यांचीच असते. खरं तर त्या भक्कम आहेत. पोटात गोळा येतो तो पायऱ्यांच्या फटींतून खालची दरी दिसते म्हणून. नजर पुढच्या पायरीवर ठेवली की निभतं. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. पुढच्या माणसाच्या बुटांचा चिखल पायरीवर उतरतो, वरून पाणी, गार पडलेला दांडा हातातून निसटतो, आणि मागून रांगेतला कुणीतरी "चला ना पुढे" म्हणून ओरडत असतो. पहिला ट्रेक पावसाळ्यातल्या रविवारी करू नये, तो या रांगेसाठी.

देवीची कथा इथं घरोघरी सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण केरवारा आणि भांडी करणार नाही या अटीवर. एक दिवस तीच कामं तिच्या गळ्यात पडली आणि ती डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. नवरात्रात तिची जत्रा भरते. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बाया तेव्हा अनवाणी चढताना दिसतात आणि आपले महागडे बूट उगाचच जड वाटायला लागतात.

साल्हेरचा स्वभावच वेगळा. तो नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, सटाणा-ताहाराबादच्याही पुढे, गुजरातच्या डांगाला लागून. मुंबई-पुण्याहून एका दिवसात उरकण्याचा हा डोंगर नव्हे. साल्हेरवाडीतून एक वाट आहे, दुसरी वाघांबे गावातून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढते. खिंडीनंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, वर गुहा, गंगासागर तलाव आणि अगदी टोकाला परशुरामाचं देऊळ. समुद्र मागे हटवणारा बाण परशुरामानं इथूनच सोडला, असं सांगतात. १६७२ साली याच किल्ल्याच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. मराठ्यांचे सूर्याजी काकडे त्या लढाईत पडले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे.

शिडी इथं नाही, त्यामुळे "साल्हेर सोपा" असंही ऐकू येतं. माझं मत उलटं आहे. पायऱ्या झिजलेल्या आहेत, मध्येच घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती-खडी आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशी आडवी चाल आहे, आणि आडवारी, म्हणजे सुट्टी नसलेल्या दिवशी गेलात तर तासन्‌तास माणूस दिसत नाही. पाणी संपलं तर विकत देणारं कुणी नाही. गावातून वाटाड्या घ्यावा, लाजू नये.

म्हणून पहिला डोंगर कळसूबाईच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आडवार, पहाटे बारीतून निघायचं, माणशी तीन लिटर पाणी. सूर्योदयासाठी रात्रीचा ट्रेक सध्या फार चालतो, तो पहिल्या खेपेला नको. आणि दम चढताना लागला तरी गुडघे बोलतात ते उतरताना, तेव्हा काठी न्या. त्या उतरणीनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर साल्हेरच्या तारखा बघायला हरकत नाही. तिथं खिंडीत पोचल्यावर सालोट्याकडे बोट दाखवून "एवढासा तर आहे, तोही करून टाकू" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. सालोटा दिसतो बुटका, पण चढ अंगावर येतो. त्याला डबा उघडून द्या आणि साल्हेरच्या पायऱ्यांना लागा.