गोंदियाच्या राईस मिल

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरचे गोंदिया हे ‘तांदळाचे शहर’ म्हणून ओळखले जाते. वैनगंगेच्या खोऱ्यात, मालगुजारी तलावांच्या (जुन्या जमीनदारांनी, म्हणजे मालगुजारांनी, बांधलेल्या तलावांच्या) पाण्यावर धान पिकते ते फार जुन्या काळापासून. त्या धानाचा तांदूळ करण्याचा धंदा मात्र गोंदियात एकवटला तो रेल्वेमुळे. इथे कोणी ‘भातगिरणी’ म्हणत नाही, ‘राईस मिल’च म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

छत्तीसगडचे धान्य नागपूरच्या बाजारात आणण्यासाठी १८८० च्या सुमारास नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग टाकण्यात आला. पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बालाघाट–नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन, म्हणजे अरुंद नॅरोगेज, गोंदियाला येऊन मिळाली, तशीच दक्षिणेकडे नागभीडची. मोठ्या आणि छोट्या मार्गाच्या रुळांमधले अंतर वेगळे, म्हणजे छोट्या गाडीतले प्रत्येक पोते गोंदियाला खाली उतरणार, हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढणार. पोते जिथे उतरवावेच लागते, तिथेच त्यातले धान भरडून घेणे व्यापाऱ्याच्या सोयीचे. भरडल्यावर वजन कमी होते, तेवढे भाडेही वाचते. गोंदियात मिल का वाढल्या याचे सर्वांत सरळ उत्तर रुळांच्या या अडचणीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मिल येण्याआधी धान घरोघरी कांडले जाई, उखळ-मुसळावर किंवा पायाने दाबायच्या ढेकीवर. हे काम बायकांचे. दुसऱ्यांचे धान कांडून मजुरीत मूठ-पसा तांदूळ घेणाऱ्या बायकांचे पोट त्यावर चाले. मिलच्या इतिहासात मालक आणि यंत्रे येतात, या बायका येत नाहीत, ही मोठी उणीव आहे. कायद्याने त्यांची थोडी दखल घेतली: १९५८ च्या तांदूळ गिरणी नियमन कायद्याने नव्या मिलला परवाना सक्तीचा केला, आणि हातसडीवर जगणाऱ्यांचा रोजगार हा त्यामागचा एक विचार होता. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

पहिल्या पिढीचे यंत्र म्हणजे हलर. लोखंडी कवचात धारा असलेला रूळ फिरतो आणि तूस (वरचे टरफल) व कोंडा (त्याखालचा पातळ थर) एकाच दमात घासून काढतो. यंत्र स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे, पण दाणे फार मोडत, आणि कोंड्यात तूस मिसळल्याने तो तेलासाठी वाया जाई. नंतरच्या शेलरमध्ये रबराचे दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात; त्यांच्यामधून जाताना दाण्याचे फक्त टरफल सुटते. तूस हवेने उडवून बाजूला होते, मग पॉलिशर कोंडा काढतो. हा स्वच्छ कोंडा सॉल्व्हंट प्लांटला, म्हणजे द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्याला, जातो आणि त्याचे तेल निघते. चाळणीखाली उरते ती कणी. शेवटी सॉर्टेक्स यंत्र काळा, डागी दाणा टिपून फेकते.

इतकी यंत्रे आली तरी खरेदीच्या वेळी जुना जाणकार पोत्यातला दाणा उचलून दाताखाली धरतो. कट्‌कन मोडला तर धान वाळलेले. दबला तर ओल आहे, मशीनमध्ये चुरा होणार.

उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान आधी भिजवतात, वाफेवर उकडतात, मग वाळवतात. उकडताना दाण्यातल्या बारीक भेगा सांधल्या जातात, म्हणून भरडताना तो कमी मोडतो. ‘ब’ जीवनसत्त्वही दाण्याच्या आत सरकते. बॉयलरला जळण लागते ते त्याच धानाचे तूस.

आज या मिलचे मोठे काम सरकारी भरडाईचे आहे. राज्याचे मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने धान घेतात, ते मिलला देतात आणि क्विंटलमागे ठरलेला तांदूळ परत मागतात. कच्च्या तांदळासाठी हा उतारा ६७ किलो, उकड्यासाठी ६८. उरलेले तूस, कोंडा आणि कणी यांवर मिलवाल्याचा हिशेब बसतो, आणि उताऱ्याच्या या आकड्यावरून दर हंगामात तक्रारी ऐकू येतात. ओले धान, फुटका दाणा आला की ६७ किलो भरणे खरोखरच जड जाते.

गोंदियाहून दक्षिणेला जाणाऱ्या लाईनवरच्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या निराळ्या लोंब्या वेचून एचएमटी वाण तयार केले आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला दिले. बारीक, चवदार एचएमटी आज या सगळ्या पट्ट्यात भरडला जातो. जबलपूरच्या लाईनवर उरलेली छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि तो मार्गही ब्रॉडगेज झाला. पोती आता बहुतेक ट्रकने येतात.