टपालातून छायाचित्रणाचे शिक्षण : आमच्या पद्धतीमागचा इतिहास

आमच्या दूरस्थ छायाचित्रण वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी बहुतेकजण एक शंका विचारतात : कॅमेरा हाताळण्याची विद्या शिक्षक शेजारी नसताना अंगवळणी पडेल का? शंका रास्त आहे, आणि ती आमच्याही फार आधी ज्या संस्थांपुढे उभी राहिली त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय तिचे नीट उत्तर देता येत नाही. आमचे जे नियम काहींना जाचक वाटतात, त्यांची कारणेही याच हकीकतीत आहेत.

फ्रान्सचे लुई दागेर यांची छायाचित्र घेण्याची प्रक्रिया १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि तिचा उपयोग करून आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने द्यायला आरंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लिहून धाडायचा आणि तो तपासून त्याच्याकडे परत यायचा, ही त्यांची रीत. छायाचित्रणाला मात्र ती लगेच लागू पडण्यासारखी नव्हती. कारण १८५०च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्याच्या आत छायाचित्र घेऊन धुवावेही लागे, आणि हे काम शिक्षकाच्या हाताखालीच शिकता येई. मुंबईत १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, तोही अर्थातच समोरासमोर शिकवण्याचा.

ही अडचण रसायन आधीच लावून वाळवलेल्या कोरड्या काचा आणि नंतर फिल्म आल्यावर दूर झाली. १८८८ सालचा कोडॅक कॅमेरा १०० छायाचित्रांची फिल्म भरूनच विकला जाई. ती संपली की अख्खा कॅमेरा अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातल्या कंपनीच्या कारखान्यात पाठवायचा आणि १० डॉलरमध्ये छायाचित्रे व नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत मिळवायचा. १९०० साली कोडॅकचाच एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि कॅमेरा सामान्य घरांत पोहोचला. कॅमेरा होता, पण शिकवणारे गावोगाव नव्हते.

एमिल ब्रुनेल यांनी १९१० साली न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ फोटोग्राफी स्थापन केली. तेथे प्रत्यक्ष वर्ग भरत, आणि दूर राहणाऱ्यांना टपालाने धडे जात. या संस्थेची आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढच्या काळातली आहे : विद्यार्थ्याची छायाचित्रे समोर ठेवून शिक्षक त्यांच्याविषयी बोलत आणि ते बोलणे ध्वनिफितीवर मुद्रित करून टपालाने विद्यार्थ्याला पाठवत. चित्राच्या डाव्या कोपऱ्यातला उजेड नजर का ओढून घेतो, हे छापील धड्यातून सांगता येत नाही. त्या विद्यार्थ्याचे तेच छायाचित्र पाहून, त्याच्याशी बोलूनच ते सांगावे लागते.

१९६०च्या दशकात कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे टपालानेच शिकवणारे फेमस फोटोग्राफर्स स्कूल उभे राहिले. रिचर्ड अ‍ॅव्हेडन, अर्व्हिंग पेन, आल्फ्रेड आयझेनस्टाट अशा छायाचित्रकारांची मोठी नावे त्याच्याशी जोडलेली होती. हे स्कूल चालवणाऱ्या कंपनीचीच, लेखन शिकवणारी अशीच एक शाळा होती. तिच्याविषयी पत्रकार जेसिका मिटफर्ड यांनी १९७० साली ‘अटलांटिक’ मासिकात लिहिले, तेव्हा जाहिरातीतली नामांकित मंडळी विद्यार्थ्यांचे काम स्वतः तपासत नाहीत, हे वाचकांपुढे आले. १९७२ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. नाव नोंदवण्यापूर्वी कोणत्याही संस्थेला, आम्हालासुद्धा, ‘माझे काम नेमके कोण पाहणार?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, असे आम्ही मनापासून सांगतो.

म्हणूनच आमच्याकडे गृहपाठाची छायाचित्रे आल्याशिवाय पुढचा धडा जात नाही आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचे काम एकच शिक्षक पाहतात. फिल्मच्या दिवसांत अ‍ॅपर्चर (भिंगातून उजेड आत येण्याचे छिद्र किती उघडे होते) आणि शटरचा वेग (उजेड किती वेळ आत आला) विद्यार्थ्याला वहीत टिपून ठेवावा लागे. आता ही नोंद फाईलमध्ये आपोआप होते, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती सहसा पुसली जाते आणि चित्राची फाईलही लहान होऊन त्यातला तपशील कमी होतो. त्यामुळे कॅमेऱ्यातील मूळ फाईल, काटछाट वा रंगदुरुस्ती न करता, ईमेलने पाठवावी. चित्र घेताना काय साधायचे होते ते दोन ओळींत सोबत लिहावे, आणि फसलेली छायाचित्रेही वगळू नयेत. शिक्षकांना शिकवण्यासाठी सर्वाधिक तीच उपयोगी पडतात.